कोरडे आटे

फैजपूरला त्या आठवड्यात पारा सेहेचाळीसवर.
पाने पाण्याच्या बादलीत बुडवून मगच हातात घ्यायचे दिवस.
सावद्याहून केळी भरून निघालेला ट्रक
आमच्या शेडसमोर वाफ टाकत थांबला.
हेड गॅसकेट गेलेलं.
पाठीवर हिरवा माल,
आणि माल काही मिस्तरीसाठी थांबत नाही.

मी आयटीआयचा, अमळनेरचा, नवा.
माझ्याकडे टॉर्क रेंच होता, पहिल्या दोन पगारांचा,
लाल डब्यात, मखमलीवर.
पुस्तकात आकडा: बारा.
मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत
सव्वीस बोल्ट मी बारावर आणले.
सव्वीस वेळा कट्ट.
मला वाटलं, झालं.

दिलदार तडवी उकिडवे बसून बघत होते.
"हा आवाज तुह्या हाताचा हाये," ते म्हणाले,
"बोल्टले कोनी इचारलंच नाही अजून."

त्यांनी एक सोडवला,
आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं,
नखात आलेला तांबूस गंज
माझ्या मखमलीवर झटकला.

"शंभराचा जोर लावला तू.
पन्नास डोक्याखाली वायसरच्या घासण्यात गेले,
चाळीस आट्यांनी खाल्ले.
राहिले दहा. हेड दाबनार ते तेवढेच.
आता गंज म्हने मलेबी पाच दे.
कोनाच्या वाट्यातून देशील?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं.
तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
आटे तेल लावलेले.
इतके दिवस मी फक्त आकडे वाचत होतो.

डिझेलमध्ये धुतले, तारेच्या ब्रशनं घासले,
भोकांतलं पाणी हवेनं उडवलं.
मिस्तरींनी दाखवलं: थेंबभर आट्यांवर,
बोटाचा ओला ठसा डोक्याखाली.
आणि ते चहाला गेले.

मला थेंब पटला नाही.
थेंबानं एवढं होतं तर जास्तीनं किती होईल,
म्हणून कपाटातलं काळं, महागडं ग्रीस
पहिल्याच बोल्टला भरपूर चोपडलं.
रेंच गोड फिरला. दहा. अकरा.
मग हाताखालचा विरोध
भांडणात कुणी एकाएकी "बरं" म्हणावं
तसा मऊ पडला.
कट्ट आलाच नाही.

मिस्तरी ओरडले नाहीत.
नव्या बोल्टशेजारी तो आडवा ठेवला फक्त.
एक सूत लांब. मानेत बारीक.
आकडा तोच होता, पण वाटेत कुणी काही खाल्लं नव्हतं,
सगळं त्याच्यावरच पडलं होतं.

तेव्हा कळलं, बोल्ट दाबत नसतो.
त्याला ताणतात,
आणि त्याला परत आखूड व्हायचं असतं.
त्या हट्टावर हेड बसतं,
त्याच्या खाली आग, शेजारी पाणी, शेजारी तेल,
एकमेकांना न शिवता.
हट्टाच्या पुढे ताणला की मग
तो नुसता लांब असतो.

रात्री दहाला भुसावळला मोटारसायकल.
दुकानदाराला झोपेतून उठवला.
परत येताना तापीच्या पुलावर गरम वारा,
शर्टाच्या खिशात एक नवा बोल्ट
प्रत्येक खड्ड्याला छातीवर ठोकत.

दीडला पंचवीस जुने, एक नवा,
थेंब, ठसा, बारा.
या वेळी प्रत्येक कट्टनंतर
मिस्तरी पाना क्षणभर तसाच धरायला लावत.
का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ताणलेला बोल्ट त्यांनी फेकला नाही.
भिंतीत ठोकलाय, जेवणाचा डबा टांगायला.

पहाटे बऱ्हाणपूर सोडल्यावर ड्रायव्हरचा फोन.
मिस्तरींनी कानाला लावून माझ्याकडे दिला.
"पाणी बघितलं का?"
"बघितलं," तो म्हणाला, "जितलं भरेल व्हतं, तितलंच शे."
मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.
केळी अजून हिरवी होती.